दाभोळची केस स्टडी: खुर्चीत कोण बसले?

गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूर परिसरातला एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा वीज प्रकल्प अनेक देशांतल्या एमबीएच्या वर्गांत शिकवला गेला. तिथे तो ‘दाभोळ’ या नावाने ओळखला जातो, जरी दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात आहे. ही केस, म्हणजे वर्गात चर्चेसाठी मांडलेला खरा व्यावसायिक प्रसंग, नीट वाचायची तर आधी केस शिकवण्याची रीत कुठून आली ते पाहावे लागते.

हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झाले. १९१९ मध्ये डीन झालेले वॉलेस डोनहॅम कायदा शिकलेले होते. हार्वर्डच्या कायदा विभागात निकालपत्रांवर वाद घालून शिकवण्याची पद्धत १८७० पासून रुजली होती, तिलाच डोनहॅम यांनी व्यापारशिक्षणात बळ दिले. मात्र निकालपत्रात दोन्ही पक्षांची बाजू असते. व्यवसायाच्या केससाठी प्राध्यापकांना कंपनीच्या दारात जावे लागले, आणि विद्यार्थी आपोआप कंपनीच्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसला. १९६१ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने अहमदाबादची आयआयएम उभी राहिली आणि ही रीत आपल्याकडेही रुळली.

आता दाभोळ. उदारीकरणानंतर वर्षभरातच, जून १९९२ मध्ये, एन्रॉनने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी प्राथमिक करार केला. जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारले, कारण ही वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडणार होती आणि राज्याच्या गरजेशी प्रकल्पाचा आकार जुळत नव्हता. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरायचाच होता, आणि दर डॉलरशी बांधलेला होता. करारातली खरी जोखीम इथे होती, आणि ती मंडळाच्या माथी आली.

एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही १९९५ च्या निवडणुकीतली गर्जना आजही अनेकांना आठवते. सत्ताबदल झाला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला. वर्गातला प्रश्न इथे उभा राहतो: एन्रॉनच्या वरिष्ठ अधिकारी रिबेका मार्क यांच्या जागी तुम्ही असता तर लवादाकडे गेला असता की वाटाघाटीला बसला असता? कंपनीने दोन्ही केले आणि १९९६ मध्ये सुधारित करार मिळवला. त्याआधी एन्रॉनच्याच एका अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीला सांगितले होते की भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. मार्केटिंगच्या विद्यार्थ्याने या एका वाक्यावर तास घालवला तरी चालेल. परदेशी समितीपुढे विश्वासाने सांगितलेली गोष्ट इथे थेट लाचेचा संशय होऊन परतली.

त्याच काळात वेलदूरच्या कोळी बायका निदर्शने करत होत्या. जून १९९७ मध्ये पोलिसांनी पहाटे गावात शिरून त्यांना मारहाण केली, अटक केली. मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत हे नोंदले आहे. धोरणाच्या चर्चेत अशा घटना ‘स्थानिक विरोध’ या दोन शब्दांत उरकल्या जातात, आणि मला ते अन्यायाचे वाटते. मासेमारीच्या पाण्यावर आणि जमिनीवर ज्यांचे पोट, त्यांचा निर्णयही व्यावसायिक निर्णयच असतो.

पहिला ७४० मेगावॅटचा टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर, सुरू झाला. तेल महागले. १९९५ मध्ये ३२ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ मध्ये ४७ च्या घरात गेला. दर मंडळाला पेलेनात आणि २००१ मध्ये वीज घेणे थांबले. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी कराराची आणि तो मंजूर करणाऱ्या यंत्रणेची चिकित्सा केली. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना घेऊन २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली आणि प्रकल्प तिच्याकडे गेला.

गोडबोले समितीचा अहवाल मराठी विद्यार्थ्यापुढे ठेवला, तर वीज मंडळाच्या अध्यक्षाच्या खुर्चीतून लिहिलेली केस कोकणातल्या कुठल्याही महाविद्यालयात तयार होऊ शकते. तिचा पहिला प्रश्न १९९५ चा नसेल, डिसेंबर १९९३ चा असेल: सही करायची का?