‘त्याला काय कळतंय?’ हा गैरसमज

मूल रडायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘विचारू नकोस, लक्ष दुसरीकडे वळव. विचारलंस की आणखी रडेल. आणि तेवढ्याशा जिवाला काय कळतंय?’

कळतं. दोन वर्षांच्या आसपास बरीच मुलं ‘भीती’, ‘राग’ असे शब्द स्वतः वापरू लागतात, आणि समजायला तर त्याआधीच लागतात. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं टिपलं होतं. ज्या घरांत भावनांविषयी जास्त बोललं जाई, तिथली मुलं सहाव्या वर्षी इतरांच्या भावना अधिक चांगल्या ओळखत होती. घरात एकूण बडबड किती, यावर हे अवलंबून नव्हतं. अर्थात हा संबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. मुलाचा मूळ स्वभावही असतोच.

मग बोलायचं काय? मनोरा पडला आणि मूल ठोकळे भिरकावतंय. ‘एवढ्याशावरून काय रडतोस!’ म्हटलं तर विषयच मिटतो. ‘इतका उंच रचला होतास, पडला म्हणून राग आला ना? पण ठोकळे फेकायचे नाहीत,’ यात भावनेचं नाव आलं, कारण आलं आणि मर्यादाही. लाड कुठेच नाहीत.

लक्ष वळवणं वाईट नाही, तान्ह्या बाळासाठी तर तोच सोपा उपाय. आणि मूल किंचाळत असताना प्रश्नांची सरबत्ती नको. आधी जवळ घ्या. बोलणं रात्री अंथरुणातही होतं.