प्लेटलेट फंक्शन टेस्टला येण्यापूर्वी

डेंग्यूच्या दिवसांत इंदुरात घरोघरी एकच चौकशी असते, प्लेटलेट्स किती? दीड लाखाच्या वर असल्या की सगळे निर्धास्त. पण आकडा चांगला असूनही काहींच्या हिरड्यांतून रक्त येतं, दात काढल्यावर थांबत नाही, पाळीत फार जातं. प्लेटलेट्स आहेत, पण काम करत नाहीत. ऑपरेशनआधीच्या ‘बीटी’वरून (टोचल्यावर रक्त किती वेळाने थांबतं ती तपासणी) हे ठरवू नका, टोचणी किती खोल गेली यावर तिचं उत्तर बदलतं.

त्यासाठी ॲग्रिगोमेट्री ही प्लेटलेट फंक्शन टेस्ट असते. 1962 साली लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी मांडलेली ही पद्धत आजही प्रमाण मानतात. रक्त मशीनमध्ये हळू फिरवून वरचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर भाग, काढतात. प्लेटलेट्समुळे तो गढूळ दिसतो. 37 अंशांवर ढवळत ठेवून त्याच्या वेगवेगळ्या नळ्यांत एडीपी, कोलॅजन, रिस्टोसेटिन अशी प्लेटलेट्सना चिकटायला लावणारी द्रव्यं घालतात. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की प्लाझ्मा निवळतो, आरपार जाणारा उजेड वाढतो आणि मशीन आलेख काढतं. ग्लान्झमन या आनुवंशिक आजारात रिस्टोसेटिन सोडून बाकीच्या रेघा जवळपास सपाट येतात. बर्नार्ड-सूलिए या दुसऱ्या आनुवंशिक आजारात नेमकी रिस्टोसेटिनचीच सपाट येते.

मोजायचा आहे उजेड, म्हणून पोहे-जिलबी, शेव खाऊन येऊ नका. आदल्या रात्री सराफा बाजारातलं खाणंही टाळा. तेलातुपाने प्लाझ्मा दुधाळ होतो. चहा-कॉफी, सिगारेटही नको. रक्त दिल्यावर खुशाल खा.

औषधं लपवू नका. ॲस्पिरिनची गोळी प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडते, आणि प्लेटलेट जगते 7 ते 10 दिवस. तेवढे दिवस रिपोर्ट गोळीचाच येईल. डोकेदुखी-सर्दीच्या काही गोळ्यांतही ॲस्पिरिन असतं, तेव्हा सगळी पाकिटं घेऊन या. मात्र स्टेंट असेल तर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने अजिबात बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

या टेस्टसाठी आम्ही घरी येऊन रक्त घेत नाही. स्कूटरवरच्या हादऱ्यांनी प्लेटलेट्स वाटेतच चेतवल्या जातात, बर्फात ठेवता येत नाहीत आणि रक्त काढल्यापासून 4 तासांत काम उरकावं लागतं. म्हणून सकाळीच या, थोडं बसा, मग रक्त घेऊ.

एक मर्यादाही सांगतो. नळीत ना रक्तवाहिनीची भिंत असते, ना वाहतं रक्त. शरीरात प्लेटलेट्स किती चेतल्या आहेत याचा अंदाज लघवीतल्या थ्रॉम्बॉक्सेनच्या (चेतलेल्या प्लेटलेट्स सोडतात ते द्रव्य) अवशेषांवरून घेतात. ती तपासणी आमच्याकडे होत नाही.

प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असतील तर येण्याआधी फोन करा. तेव्हा आलेखावर भरवसा ठेवता येत नाही.