गाडीचा बेल्ट ओरडतो तेव्हा नक्की काय होत असतं?

पावसाळा लागला की साताऱ्यात सकाळी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून हा आवाज येतोच. सेल्फ मारला की चीईईई करून गाडी ओरडते, थोड्या वेळाने गप्प होते आणि मालक निघून जातो. त्यावर सगळ्यांचं निदान एकच, 'बेल्ट गेला, बदलून टाक'. आता तर बेल्टला साबण घासा, मेणबत्ती घासा, अमुक स्प्रे मारा असले व्हिडिओ पण फिरतायत, आणि ते बघून राहवलं नाही म्हणून हे लिहितोय, कारण बऱ्याचदा बेल्ट फक्त ओरडत असतो, दुखणं दुसरीकडेच असतं.

इंजिनच्या पुढच्या बाजूला क्रँकशाफ्टची (म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) पुली असते, तिच्यावरचा रबरी बेल्ट अल्टरनेटर (म्हणजे आपल्या फिटर लोकांचा डायनमो), एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही फिरवतो. टायमिंग बेल्ट वेगळा, तो दात्यांचा असतो आणि कव्हरच्या आत असतो, त्याचा इथे विषय नाही.

आता मजेशीर भाग. शाळेत शिकलोय की थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा घसरायला लागली की घर्षण कमी होतं. पुलीवर पकड कमी पडली की बेल्टचं रबर आधी पुलीला चिकटतं, ताणलं जातं, ताण फार झाला की सटकतं, सटकल्यावर ताण उतरतो म्हणून परत चिकटतं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, त्या थरथरीने बेल्ट हलतो, बेल्टमुळे हवा हलते आणि तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा अगदी हेच होतं. मिरजेच्या मैफलीत जो सूर ऐकतो आणि बॉनेटखाली जी किंचाळी ऐकतो, दोघांचं विज्ञान एकच!

पण पकड कमी का पडते? याचं उत्तर 18व्या शतकातल्या लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्रात आहे. बेल्टची घट्ट बाजू आणि सैल बाजू यांच्या ताणाचं गुणोत्तर जास्तीत जास्त किती असू शकतं, तर e (गणितातली ठराविक संख्या, साधारण 2.718) चा घात (घर्षण गुणांक गुणिले विळख्याचा कोन, म्हणजे बेल्ट पुलीला जेवढा वेढतो तो कोन, रेडियनमध्ये). घर्षण गुणांक 0.3 धरला आणि सपाट बेल्टने पुलीला अर्धा वेढा घातला तर हे गुणोत्तर येतं साधारण 2.6. आता बेल्टला व्ही आकाराच्या धारा दिल्या, 40 अंशाच्या, की त्या खाचेत पाचरीसारख्या रुततात आणि गुणांक जणू 0.3 चा 0.88 होतो, मग तेच गुणोत्तर जवळजवळ 16! आता अल्टरनेटरची पुली छोटी, विळखा समजा 120 अंशाचाच, तर 16 चे 6 झाले. त्यात दव किंवा पावसाचं पाणी लागून घर्षण निम्मं झालं तर उरले अडीच. सगळं घातांकात आहे म्हणून थोडासा फरक एवढा महागात पडतो, आणि म्हणूनच बहुतेक वेळा आधी ओरडते ती अल्टरनेटरचीच पुली.

सकाळीच का, तर सेल्फने बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो आणि अल्टरनेटर लगेच तो भरून काढायला लागतो. 14 व्होल्टला 60 अँपिअर म्हणजे 840 वॉट, त्यात अल्टरनेटरचं स्वतःचं नुकसान धरलं तर बेल्टवर दोनेक हॉर्सपॉवरचा भार, तोही गार कडक रबरावर. बॅटरी भरत आली की भार उतरतो, आवाज बंद. एसी लावल्याबरोबर ओरडली तरी कारण हेच, अचानक भार.

तपासायचं कसं? इंजिन चालू ठेवून स्प्रे बाटलीने बेल्टच्या धारांवर थोडं साधं पाणी मारा (बाही, ओढणी, बोटं लांब, रेडिएटरचा फॅन कधीही सुरू होतो). आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बघा. आवाज गेला आणि पाणी वाळल्यावर परत आला, तोही चिव चिव असा तुटक, तर कुठलीतरी पुली तिरकी बसलीय, नवीन बेल्ट टाकला तरी काही दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. आणि पाण्याने काहीच फरक पडत नाही, घरघर घरघर चालूच आहे, तर बेअरिंगचा संशय घ्या, इंजिन बंद करून बेल्ट काढायला लावा आणि एकेक पुली हाताने फिरवून बघा. सांगलीत 2019 च्या पुरात ज्या गाड्या बुडाल्या होत्या त्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण गाळाचं पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत गेलं की ग्रीस खराब होतं आणि पुली बाहेरून कितीही स्वच्छ धुतली तरी आतली माती जात नाही.

साबण आणि मेण घर्षण कमी करतात, म्हणजे नेमकं उलटं काम. चिकट स्प्रेने काही दिवस आवाज दबतो, मग त्यावर धूळ बसते. खंबाटकी घाटात बेल्ट तुटला की नजर लागली म्हणणारे भेटतात, पण लिंबू-मिरची बांधून पुलीवरची पकड वाढत नाही, तेवढ्या वेळात बॉनेट उघडून बेल्ट बघितलेला बरा. बघताना नुसत्या भेगा शोधू नका, आताचे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे बेल्ट भेगा न पडताच झिजतात, धारा बुटक्या होतात, बेल्ट खाचेच्या तळाला टेकतो आणि पाचरीचा सगळा फायदा जातो.

आणि चालत्या गाडीत किंचाळी येऊन बॅटरीचा लाल दिवा लागला, वर टेंपरेचरचा काटाही चढायला लागला, तर गॅरेजपर्यंत नेऊ म्हणू नका. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिनमधलं पाणी फिरायचं थांबलंय, गाडी तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.