कमिशनवरच्या सेल्समनचा ओव्हरटाइम : हक्क कुणाला, हिशोब कसा, अर्ज कुठे

"तुला कमिशन मिळतं ना, मग ओव्हरटाइम कसला मागतोस?" साड्यांच्या दुकानात काउंटरवर होतो तेव्हा दर दिवाळीला हे ऐकलं आणि खरंही मानलं. ते खरं नाही. कमिशन विक्रीचं, ओव्हरटाइम जादा तासांचा. एक दिलं म्हणून दुसरं फिटत नाही.

महाराष्ट्रात दुकानांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. २०२५ च्या दुरुस्तीनंतर तो २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागतो. दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास झाली, आठवड्याची मात्र ४८ तासच राहिली, आणि नेमकं इथेच फसवलं जातं. सकाळी साडेदहा ते रात्री नऊ, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे रोज १० तास. मालक म्हणतो मर्यादेतच आहे. पण सहा दिवसांचे ६० तास झाले, वरचे १२ तास दुप्पट दराने द्यायला हवेत. दुकान छोटं असलं तरी आशा सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेला, म्हणजे पगाराविषयीच्या केंद्रीय कायद्याला, माणसांच्या संख्येची अट नाही, आणि किमान वेतन ठरलेल्या कामात जादा तासांचा दर तिथेही दुपटीपेक्षा कमी चालत नाही.

दुकाने अधिनियमातून व्यवस्थापन, देखरेख किंवा गोपनीय स्वरूपाचं काम करणारे वगळलेत. ज्यांचं काम मुळातच अधूनमधून चालतं तेही वगळलेत, त्यामुळे फिरतीवरच्या विक्रेत्यांना हा मुद्दा आडवा येऊ शकतो. पण हुद्द्यावर जाऊ नका. कार्डावर 'सेल्स मॅनेजर' छापलंय आणि दिवसभर साड्यांच्या घड्या घालताय, तर तुमचं काम मॅनेजरचं नाही.

आता दर. संहितेत कमिशन वेतनात धरत नाहीत. मात्र कमिशन, घरभाडं, प्रवास भत्ता अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या, तर निम्म्यावरचा भाग वेतनात येतो. समजा पगार १४,००० आणि कमिशन १८,०००. एकूण ३२,०००, निम्मे १६,०००. कमिशनमधले वरचे २,००० वेतनात आले, वेतन झालं १६,०००. रूढ पद्धतीने २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तासाला सुमारे ७७ रुपये, दुप्पट १५४. नुसत्या पगारावर हाच दर १३५ च्या आसपास येतो. दिवाळीच्या महिन्यात ४० जादा तास भरले तर साडेसातशेहून जास्त फरक पडतो.

कागदपत्रांत नियुक्तीपत्र किंवा ओळखपत्र, पगारपावत्या, बँक पासबुक, कमिशनचा तक्ता आणि हजेरीची नोंद लागते. हजेरी हातात नसेल तर बिलं बघा. बऱ्याच दुकानांत बिलावर सेल्समनचा कोड आणि वेळ छापलेली असते. रात्री ९ वाजून ४० मिनिटांच्या बिलावर तुमचा कोड असेल तर तुम्ही तेव्हा काउंटरवर होता, याला आणखी साक्षीदार कशाला? 'आज उशिरापर्यंत थांबा' असे व्हॉट्सॲप मेसेज जपा. रोजच्या येण्याजाण्याची वेळ वहीत त्याच दिवशी लिहा.

आधी मालकाकडे तारीखवार हिशोबासह लेखी मागणी करा, पोच घ्या. देत नसेल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन वेतन संहितेखालच्या दावा प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. अर्ज स्वतः करता येतो, कामगार संघटनेमार्फतही. एका दुकानातल्या कितीही जणांचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि एकट्याने जायची भीती वाटत असेल तर हाच मार्ग धरा. मुदत रक्कम देय झाल्यापासून ३ वर्षं. पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. प्राधिकाऱ्याने ३ महिन्यांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे, आणि बुडालेल्या रकमेवर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील. आदेशानंतरही मालकाने पैसे दिले नाहीत तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते.