आणणारं मँगनीज, ठेवणारं फॉस्फेट

खोल समुद्रातल्या तपकिरी चिखलाचं विश्लेषण हातात पडलं की ठरलेलं वाक्य येतं: मँगनीज भरपूर आहे, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (लँथॅनम, सिरियम, निओडायमियम वगैरे) मँगनीजच्या ऑक्साइडमध्येच असणार. वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर असतो, म्हणून दुसरा कोणी तपासत नाही.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. या नावातल्या 'मृदे'चा शेतातल्या मातीशी संबंध नाही, आणि 'दुर्मिळ' सिरियम भूकवचात साधारण तांब्याइतकंच आहे. मँगनीजचे गोटे तळावर सुटे पडलेले असतात; इथे बोलतोय ते त्यांच्याखालच्या चिखलाबद्दल.

लोह-मँगनीज ऑक्साइडचे कण पाण्यातून खाली येताना ही मूलद्रव्यं पृष्ठभागाला चिकटवून आणतात, हे खरंच आहे. पण आणणारा वेगळा आणि ठेवणारा वेगळा. तळाशी पोचल्यावर सैल चिकटलेला वाटा सुटून कणांमधल्या पाण्यात उतरतो आणि तिथून माशांच्या दातांचे, हाडांचे बारीक तुकडे तो ओढून घेतात. जिवंत माशाच्या दातात ही मूलद्रव्यं नावापुरतीच असतात. मासा मेल्यावर तळाशी पडून राहिलेला तोच कॅल्शियम फॉस्फेटचा तुकडा हजारो पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजारो भाग) भरतो. निओडायमियमच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाशी जवळजवळ जुळतो. धनभार एकाने जास्त होतो, तो शेजारच्या कॅल्शियमच्या जागी सोडियम येऊन फिटतो. म्हणजे हे वरवरचं चिकटणं नव्हे, स्फटिकातली जागा पटकावणं आहे.

त्याला वेळ लागतो. गाळ हजार वर्षांत मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी साचत असेल, तर तुकडा वरच्या थरात रेंगाळतो आणि भरत राहतो. जपानच्या मिनामितोरिशिमा बेटाजवळ ५,००० पीपीएमच्या वरचे थर सापडले, ते अशाच संथ, मत्स्यावशेषांनी भरलेल्या गाळात. गाळ भराभर साचला तर तुकडा लवकर गाडला जातो आणि सगळंच पातळ होतं.

गोंधळाचं मूळही या संथपणातच आहे. गाळ हळू साचला की मँगनीजही वाढतं, फॉस्फेटही वाढतं, फिलिप्साइट नावाचं झिओलाइट गटातलं खनिजही वाढतं. मग आलेखावर कशाचीही रेघ कशाशीही जुळते. फिलिप्साइटमध्ये दुर्मिळ मृदा जवळपास नसते, तरी रेघ छान येते! नुसत्या सहसंबंधावरून 'घर कुठलं' हे ठरवणं म्हणजे एकाच गाडीतून उतरलेल्यांना एका कुटुंबातले समजणं.

'ऑक्सिजन संपतो, मँगनीज विरघळतं, दुर्मिळ मृदा मोकळी होते' हे स्पष्टीकरणही किनाऱ्यालगतच्या गाळातून उचललेलं असतं. महासागराच्या मधल्या तपकिरी चिखलात ऑक्सिजन खोलवर टिकतो. तिथे मँगनीज विरघळायचं कारणच नसतं.

खरा पुरावा सिरियम देतं. मँगनीज ऑक्साइडवर त्याचं ऑक्सिडीकरण होऊन ते चार धनभारी होतं आणि तिथेच अडकतं. बाकीची भावंडं तीन धनभारीच राहतात. म्हणून पाण्यातून थेट वाढलेल्या लोह-मँगनीज कवचांत सिरियम प्रमाणाबाहेर जास्त, तर समुद्राच्या पाण्यात आणि मत्स्यफॉस्फेटमध्ये कमी. आता संपन्न चिखल पाहा: एकूण प्रमाण जितकं चढतं, तितका सिरियमचा खड्डा, म्हणजे शेजारच्या भावंडांच्या मानाने त्याची तूट, खोल होतो. घर ऑक्साइड असतं तर उलटं दिसलं असतं.

खड्डा मोजताना लँथॅनमवर विसंबू नका. समुद्राच्या पाण्यात तेच मुळात जरा जास्त असतं, त्यामुळे खड्डा फुगवून दिसतो. प्रत्येक मूलद्रव्याला शेल या चिखली खडकातल्या त्याच्या प्रमाणाने भागल्यावर प्रासिओडिमियमचा वर्ग भागिले निओडायमियम ही अपेक्षित किंमत धरा आणि सिरियमला तिने भागा.

पडताळा प्रयोगशाळेतही होतो. मीठ धुऊन वाळवलेला नमुना खोलीच्या तापमानाला ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर ढवळा. फॉस्फेट विरघळतं, दुर्मिळ मृदेचा मोठा हिस्सा द्रावणात येतो. सिरियम मात्र बहुतांशी मँगनीजसोबत न विरघळलेल्या गाळात मागे राहतं. कार्बोनेट काढायला आधी अ‍ॅसेटिक आम्ल वापरलं असेल तर ते द्रावण फेकू नका. त्यात थोडं फॉस्फेटही निसटलेलं असतं, आणि नंतर हिशोब जुळला नाही की दोष बिचाऱ्या मँगनीजवर जातो.