औइलची शाळा आणि मोजणीतून सुटलेल्या मुली

दक्षिण सुदानच्या वायव्य भागात औइल नावाचं शहर आहे. तिथे २०१२ मध्ये अनाथ मुलींसाठी एक निवासी शाळा सुरू झाली. तिचा पैसा आला अमेरिकेतल्या फार्गो या शहरातून, जिथे हिवाळाभर सगळं गोठलेलं असतं. 'आफ्रिकन सोल, अमेरिकन हार्ट' ही संस्था काढणारा जोसेफ अकोल माकेर लहानपणी स्वतः निर्वासित होता. जगाने 'लॉस्ट बॉइज' म्हणून ओळखलेल्या, घरापासून तुटलेल्या हजारो मुलग्यांपैकी तो एक. मग त्याने शाळा काढली ती मुलींचीच का? त्यासाठी १९८० च्या दशकात मागे जावं लागतं.

सुदानच्या दक्षिण भागाला १९७२ च्या करारानं स्वायत्तता मिळाली होती. अध्यक्ष निमेरी यांनी १९८३ मध्ये ती मोडीत काढली आणि देशभर शरिया लागू केली. त्याच वर्षी मे महिन्यात बोर इथल्या सैनिकांनी बंड केलं. त्यातून जॉन गरांग यांची 'एसपीएलए' ही बंडखोर सेना उभी राहिली. पुढची बावीस वर्षं युद्ध चाललं आणि गोळीपेक्षा भूक आणि रोगराईनं जास्त माणसं नेली.

दिन्का आणि नुएर या तिथल्या मोठ्या जमातींचं सगळं जगणं गुरांभोवती फिरतं. लग्नात मुलाकडून मुलीच्या बापाला देज द्यायचं तेही गायींतच. आठ-दहा वर्षांचा पोरगा गुरांबरोबर तळावर मुक्कामाला जातो आणि मुली आईजवळ घरी राहतात. गावावर धाड पडली की घरातली माणसं तावडीत सापडत, रानातली पोरं निसटत. प्रत्येक वेळी असंच झालं असं नाही, पण हजारोंच्या बाबतीत झालं. १९८७ पासून अशी सुमारे वीस हजार मुलं पायी पूर्वेकडे, इथिओपियाच्या दिशेने निघाली. तिथल्या पिन्यूदोच्या छावणीत पोट भरत होतं, पण एसपीएलएचा डोळाही त्यांच्यावर होता. काहींच्या हाती पाटीऐवजी बंदूक आली.

मे १९९१ मध्ये इथिओपियात हुकूमशहा मेंगिस्तूची सत्ता कोसळली आणि छावणी उठली. मुलांना गिलो नदीत उतरावं लागलं. पावसाळ्याचं पाणी, मागून गोळ्या, पाण्यात मगरी. पलीकडे पोचलेले चालत चालत १९९२ मध्ये केनियातल्या काकुमा इथल्या निर्वासित छावणीत आले. तुर्काना भागातला तो उजाड, धुळीचा प्रदेश. वर्ग झाडाखाली भरायचा आणि धूळ हीच पाटी, तिच्यावर बोटानं अक्षरं गिरवायची. 'शिक्षण हीच माझी आई, शिक्षण हाच माझा बाप' ही म्हण या मुलांच्या तोंडून तिथे आलेल्या अनेकांनी ऐकली. पुढे ही मुलं शाळा बांधायला निघाली याचं मूळ मला तरी या वाक्यातच दिसतं.

मुली या वाटेवर नव्हत्या असं नाही. पण काकुमात मुलगे गटागटाने वेगळे राहिले, तर मुलींना रितीप्रमाणे कुठल्या ना कुठल्या कुटुंबात ठेवलं गेलं. कागदावर त्यांना घर मिळालं आणि 'पालक नसलेली मुलं' या यादीतून त्यांची नावं गेली. त्या घरात बहुतेकींच्या वाट्याला पाणी भरणं, रांधणं आणि पोरं सांभाळणं आलं. लग्नाचं वय झालं की देज घेणारेही तेच. २०००-२००१ मध्ये अमेरिकेनं सुमारे ३,८०० जणांना आसरा दिला. त्यांत मुली होत्या ८९.

अमेरिकेला निघालेल्यांच्या हातात कागदपत्रं आणि छातीच्या एक्स-रेची प्लास्टिकची पिशवी होती. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसल्याने बहुतेकांची १ जानेवारीच लिहिलेली. विमानभाडं कर्जाऊ, म्हणजे नव्या देशातला पहिला हिशेब उधारीचाच. कारखान्यात नाहीतर गोदामात रात्रपाळी, दिवसा कॉलेज आणि अवेळी काकुमाहून फोन: कुणी आजारी, कुणाची फी थकलेली. संस्थांची नोंदणी नंतर झाली, हे मनीऑर्डरीचं काम त्याआधीपासून चालू होतं.

मग एकेकाने घराकडची एकेक नड उचलली. साल्वा दुत यांना वडील भेटले ते दूषित पाण्याने आजारी पडलेले, म्हणून २००३ मध्ये त्यांनी विहिरी खोदणारी संस्था काढली. जॉन दाउ यांनी २००७ मध्ये डुक पायुएल या आपल्या गावी दवाखाना उघडला. व्हॅलेंटिनो अचाक देंग यांची माध्यमिक शाळा २००९ मध्ये मारियाल बाई इथे उभी राहिली. २००५ च्या शांतता करारामुळे परतणं तेवढं शक्य झालं होतं.

माकेरही डुक पायुएलचाच. दोन दशकांनी तो गावी गेला तेव्हा त्याला भेटली ती मागे उरलेली अनाथ मुलं. बाप गेला तर चुलत्याने पोराला सांभाळायचं ही जुनी रीत, पण अनेक घरांत चुलताही उरला नव्हता. पोरक्या मुलीचं लग्न लवकर उरकलं की गायी येतात, शाळेत घातलं की काहीच येत नाही. काकुमातला मुलींचा जुना हिशेब गावाकडेही तसाच होता, म्हणून शाळा मुलींची आणि तीही निवासी. बेत आधी डुक पायुएलचाच होता, पण शाळा उभी राहिली औइलला.

डिसेंबर २०१३ मध्ये, सुदानपासून वेगळं होऊन दक्षिण सुदान स्वतंत्र झाल्याला अडीच वर्षंही झाली नसताना, नव्या देशात पुन्हा यादवी पेटली आणि जोंग्लेई प्रांत, म्हणजे डुक पायुएलचा मुलूख, तिच्यात होरपळला. औइल त्या आघाडीपासून दूर होतं. काकुमात मात्र पुन्हा इतकी गर्दी झाली की २०१६ मध्ये शेजारी कालोबेयेई नावाची नवी वसाहत उघडावी लागली.