डेटाबेसमध्ये तारीख भरणे

प्रोग्रॅममधून टेबलात तारीख भरताना ती क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या) मजकुरात जोडू नये, पॅरामीटर म्हणून, म्हणजे वेगळे मूल्य म्हणून द्यावी. क्वेरीत तारखेच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा नाव दिलेला पॅरामीटर ठेवतात आणि तारीख-प्रकाराचे मूल्य (जावात लोकलडेट, पायथनमध्ये डेट) त्याला बांधतात. रूपांतर ड्रायव्हर (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांना जोडणारी लायब्ररी) करतो; एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे मूल्यातून क्वेरीत परकी आज्ञा घुसवली जाण्याचा, धोकाही टळतो.

स्क्रिप्टमध्ये मजकूर लिहावाच लागला, तर आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम पाळतात: चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस. ५ मार्च २०२४ म्हणजे '२०२४-०३-०५'. (अंक इथे देवनागरीत छापले आहेत, डेटाबेसला १, २, ३ चे इंग्रजी रूपच लागते.)

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसला हे रूप चालते. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम प्रकारात मात्र ते बिनधोक नाही. लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्लिश असेल तर हीच तारीख ३ मे म्हणून वाचली जाते. म्हणून तिथे रेघा गाळून '२०२४०३०५' लिहितात. ओरॅकलमध्ये टू_डेट फंक्शनला साचा (दिवस, महिना, वर्ष यांचा क्रम सांगणारी अक्षरे) स्पष्ट द्यावा, नाहीतर सेशनच्या (चालू जोडणीच्या) सेटिंगनुसार अर्थ बदलतो. ॲक्सेसची खोड सर्वांत वाईट. हॅश चिन्हांतली ०५/०३/२०२४ ही तारीख विंडोजचे सेटिंग भारतीय असले तरी ३ मे ठरते, पण २५/०३/२०२४ निमूटपणे २५ मार्च होते. त्यामुळे १२ तारखेनंतर केलेल्या चाचणीत सगळे ठीक दिसते.

जावाच्या साच्यात मोठा एम महिना दाखवतो, लहान एम मिनिटे. मोठा वाय आठवड्यांवर आधारलेले वर्ष देतो, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२४ चे ३१ डिसेंबर २०२५ होते. वर्षभर न दिसलेली ही चूक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात वर येते.

भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने जावास्क्रिप्टचे टूआयएसओस्ट्रिंग (तारखेचा यूटीसीतला मजकूर बनवणारे फंक्शन) ५ मार्चच्या भारतीय मध्यरात्रीचे ४ मार्च, १८:३० करते. त्यातले पहिले दहा वर्ण कापून घेतले की तारीख एक दिवस मागे जाते. म्हणून जन्मतारखेसारखी निव्वळ तारीख डेट कॉलममध्येच ठेवावी, वेळेसह नव्हे.

फोनची भाषा मराठी असेल, तर अँड्रॉइडवर डीफॉल्ट लोकेलने (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगने) बनवलेल्या तारखेत देवनागरी अंक येऊ शकतात आणि सर्व्हर ती नाकारतो. साठवणीसाठी तारीख बनवताना लोकेल.रूट (कोणत्याही भाषेशी न बांधलेले लोकेल) द्यावे; मराठी लोकेल पडद्यावर दाखवण्यापुरते.